पट्टी वाचावयास शिकविणारे पाहुणे : पांढुर्णा-सौंसर आणि विद्यार्थ्यांचे विपणन मंडळ

नागपूरहून बैतूलच्या मार्गाने राज्याची सीमा ओलांडली की पांढुर्णा लागते आणि छिंदवाड्याच्या मार्गाने गेल्यास सौंसर. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. तथापि येथील कित्येक घरांची भाषा मराठी आणि सोयरीकही बहुधा नागपूर-अमरावतीकडचीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. सातपुड्याच्या कुशीतील या भागाचे नाव बाजारात झाले ते कापसाबरोबर संत्र्यामुळे. विहिरीच्या पाण्यावर जगविलेल्या नागपुरी संत्र्याच्या बागा हे येथील अनेक कुटुंबांच्या उत्पन्नाचे प्रमुख साधन होय.

या कुटुंबांतील मुले-मुली आता महाविद्यालयात जातात. वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमात विपणन हा विषय असतो. वस्तू, किंमत, वितरण आणि प्रसिद्धी ही त्याची चार अंगे विद्यार्थी पाठ करतो. पुस्तकातील उदाहरणे मात्र साबणाची, दंतमंजनाची आणि मोटारसायकलीची असतात. कदाचित त्याच आठवड्यात घरी वडील झाडावरचा संपूर्ण बहार एखाद्या व्यापाऱ्यास नजरअंदाजाने विकून मोकळे झालेले असतात. पुस्तकातील विपणन आणि बांधावरची विक्री यांची गाठ पडत नाही. ती पाडून देण्याचे एक साधन म्हणून विद्यार्थ्यांच्या विपणन मंडळाकडे पाहता येईल. आणि अशा मंडळाचा प्राण म्हणजे बाहेरून बोलाविलेले, प्रत्यक्ष व्यवहारात मुरलेले पाहुणे.

विपणन मंडळ म्हणजे काय

विक्री आणि विपणन हे दोन शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः हातातील माल पैसे घेऊन दुसऱ्यास देणे ही विक्री. माल कोणास हवा आहे, केव्हा व कोणत्या स्वरूपात हवा आहे, तो तेथवर कसा पोहोचेल आणि वाटेत कोणाचा किती खर्च होईल, याचा आधीपासून विचार करणे म्हणजे विपणन. हा विचार शिकण्यासाठी विद्यार्थ्यांनी वर्गाबाहेर एकत्र येऊन चालविलेली संस्था म्हणजे विपणन मंडळ. अमेरिकन मार्केटिंग असोसिएशन ही १९३७ साली स्थापन झालेली संस्था विद्यापीठांतून आपल्या विद्यार्थी-शाखा चालविते आणि व्यवसायातील माणसांना विद्यार्थ्यांसमोर आणणे हे त्या शाखांचे एक ठरलेले काम आहे. योगायोग असा की, शेतमालाची प्रतवारी करून त्यावर ‘ॲगमार्क’ची मोहोर उमटविण्याचा कायदा आपल्या देशात झाला तोही १९३७ मध्येच. पहिल्या गोष्टीची माहिती आपल्या पुस्तकांतून सहज मिळते, दुसरीची क्वचितच.

आपल्याकडे या विचाराचे अधिक जवळचे उदाहरण गुजरातेत आणंद येथे आहे. डॉ. वर्गीस कुरियन यांच्या पुढाकाराने १९७९ मध्ये तेथे ग्रामीण व्यवस्थापन संस्था सुरू झाली. खेड्यात राहून तेथील व्यवहार डोळ्यांनी पाहणे हा तेथील शिक्षणाचा भाग ठरविण्यात आला. दूध उत्पादकाच्या दारातून निघालेले दूध कोणाकोणाच्या हातून शहरात जाते, हे ज्याने पाहिलेले नाही त्याला त्या व्यवसायाचे व्यवस्थापन शिकविता येत नाही, अशी त्यामागील धारणा होती. लहान गावातील महाविद्यालयास एवढा व्याप करणे शक्य नाही. परंतु विद्यार्थ्यांना व्यवहारापर्यंत नेता आले नाही, तर व्यवहारातील माणूस विद्यार्थ्यांपर्यंत आणता येतो.

शिक्षणविषयक धोरणही आता यास अनुकूल झाले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये व्यवसायशिक्षण व प्रत्यक्ष अनुभव यांवर भर आहे आणि मध्य प्रदेशाने २०२१-२२ च्या शैक्षणिक वर्षापासून आपल्या महाविद्यालयांत त्याची अंमलबजावणी सुरू केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या नावाने व्यवसायातील अनुभवी व्यक्तींना, पदव्यांची नेहमीची अट न घालता, अध्यापनासाठी घेण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती योजना मोठ्या पदांची व मानधनाची आहे. विपणन मंडळाला एवढ्याची गरज नाही. त्याला चहा, एक फळा आणि दोन तास पुरतात.

पाहुणा कोणता असावा

पाहुणा म्हटला की आयोजकांच्या डोळ्यांसमोर एखाद्या नामांकित कंपनीचा अधिकारी उभा राहतो. सौंसर तहसिलीत बोरगाव येथे औद्योगिक क्षेत्र असल्याने असा अधिकारी मिळणे अशक्यही नाही आणि त्याने जरूर यावे. गिऱ्हाइकाची आवड कशी पाहतात, नव्या मालाची चाचणी कशी घेतात, हे तो चांगले सांगू शकेल. तथापि पहिला पाहुणा तो नसावा. पहिला पाहुणा संत्र्याच्या बाजारातील आडत्या असावा आणि येताना त्याने मागील हंगामातील एक जुनी पट्टी, नावगाव झाकून का होईना, बरोबर आणावी.

पट्टी म्हणजे शेतकऱ्याने बाजारात पाठविलेल्या मालाच्या विक्रीचा आडत्याने दिलेला हिशेब. एका लहानशा कागदावर तो मावतो. वर मालाचे नग किंवा वजन, त्यापुढे भाव, मग एकूण रक्कम. त्याखाली वजावटी सुरू होतात : गाडीभाडे, हमाली, तोलाई, असल्यास आडत आणि हंगामापूर्वी घेतलेली उचल. शेवटी हातात पडणारी रक्कम. घरात ही पट्टी आली की बहुतेक वेळा शेवटचा आकडा तेवढा वाचला जातो आणि कागद देवळीत जातो. मधल्या ओळी कोणी वाचीत नाही. आणि शेतकऱ्याचा नफा-तोटा असतो तो नेमका त्या मधल्या ओळींत.

उचल या एका शब्दावर अर्धा तास चर्चा व्हावी. खतासाठी किंवा लग्नकार्यासाठी आडत्याकडून आगाऊ रक्कम घेतलेल्या शेतकऱ्यास आपला माल दुसऱ्या दुकानी नेता येत नाही. म्हणजे व्याज शून्य दिसले तरी निवड करण्याचा हक्क गहाण पडलेला असतो. त्या हक्काची किंमत किती, हा प्रश्न वाणिज्याच्या कोणत्याही परीक्षेत शोभेल असा आहे. आडत्याने त्याची बाजूही सांगावी. त्याची रक्कम कित्येकदा बुडते, किरकोळ व्यापाऱ्याकडून वसुली आठवडे-महिने रखडते आणि तरीही शेतकऱ्यास त्याच दिवशी पैसे द्यावे लागतात. आडत्यास खलपुरुष ठरवून विद्यार्थ्यांना टाळ्या मिळतील, ज्ञान मिळणार नाही.

आणखी एक गोष्ट केवळ या भागालाच लागू आहे. पांढुर्ण्याचा शेतकरी माल विकतो तो पुष्कळदा नागपुरात, कळमन्याच्या बाजारात. शेत एका राज्यात आणि सौदा दुसऱ्या राज्यात. मध्य प्रदेशातील मंड्या १९७२ च्या कृषी उपज मंडी अधिनियमाखाली चालतात; नागपुरात महाराष्ट्राचा कायदा. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने अध्यादेश काढून फळे व भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरविले. सौदा ज्या राज्यात होतो त्या राज्याचा नियम लागू, ही साधी बाब सीमेपलीकडील बागाईतदारास ठाऊक असेलच असे नाही. नागपूरच्या पट्टीत आडतीची ओळ दिसली तर ती का, असे विचारण्याचे धैर्य एखाद्या विद्यार्थिनीने घरी दाखविले, तर मंडळाचा वर्षाचा खर्च एका वाक्यात वसूल झाला असे समजावे.

झाडावरचे फळ आणि वहीतला हिशेब

संत्र्याचे दोन बहार प्रसिद्ध आहेत. आंबिया बहाराची फुले हिवाळा सरताना येतात व फळे दिवाळीच्या आगेमागे तोडणीस येतात. मृगाची फुले पावसाच्या आरंभी येतात आणि फळे पुढील वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये. व्यापारी बागेत येतो तो फळे अद्याप हिरवी असताना. दोन-चार ओळींतून फिरतो, काही झाडांकडे मान वर करून पाहतो आणि एकंदर बागेची रक्कम सांगतो. घासाघीस होते, इसार दिला जातो आणि तेथपासून फळे त्याची. ही पद्धत अविचाराची आहे असे मुळीच नाही. फळगळ, गारपीट व भावाची पडझड यांचा धोका व्यापारी आपल्या डोक्यावर घेतो, तोडणी व वाहतूक त्याची आणि शेतकऱ्याला रोख पैसा आधी मिळतो. प्रश्न इतकाच की, हा धोका दुसऱ्यावर सोपविण्यासाठी शेतकरी किती किंमत मोजतो, हे त्यास माहीत आहे काय?

येथे मंडळास खरे काम आहे. बागेची खरेदी करणाऱ्या अनुभवी व्यापाऱ्यास पाहुणा म्हणून बोलवावे आणि व्याख्यान सभागृहात न ठेवता एखाद्या विद्यार्थ्याच्या बागेत ठेवावे. फळांचा अंदाज कसा करतात हे त्याने दाखवावे. त्यानंतर विद्यार्थ्यांनी आपली पद्धत वापरावी. ६ मीटर बाय ६ मीटर अंतरावर लावलेल्या बागेत हेक्टरी सुमारे २७७ झाडे बसतात. मेलेली वगळून २७० धरू. त्यांपैकी दहा झाडे चिठ्ठ्या टाकून निवडावी. बांधाजवळची, डोळ्यांत भरणारी झाडे निवडू नयेत. संख्याशास्त्राच्या तासाला शिकलेला नमुना निवडण्याचा धडा तो हाच. दहा झाडांवरची फळे मोजून सरासरी काढावी.

समजा, व्यापाऱ्याने झाडास ४०० फळे धरली आणि मोजणीत सरासरी ४८० निघाली. फरक झाडामागे फक्त ८० फळांचा, परंतु २७० झाडांवर तो २१,६०० फळांचा होतो. फळाचे वजन सरासरी १५० ग्रॅम धरल्यास हा माल ३,२४० किलो, म्हणजे बत्तीस क्विंटलांहून अधिक भरतो. किलोस २० रुपये भाव धरला तर ६४,८०० रुपये. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. कोणत्या बागेत काय निघेल हे मोजल्याखेरीज सांगता येत नाही. नेमके उलटही घडेल. व्यापाऱ्याची नजर विद्यार्थ्यांच्या मोजणीपेक्षा अचूक ठरेल, कारण तोडणीपर्यंत किती फळे गळतील याचा अंदाज त्याने मनात धरलेला असतो आणि विद्यार्थ्यांनी धरलेला नसतो. तसे झाले तर त्याने ते समजावून सांगावे. दोन्ही परिस्थितींत विद्यार्थी काही शिकून परततात.

वाटेतील नासाडी

दुसरा पाहुणा मालवाहतूकदार असावा. त्याच्या बोलण्याला पुस्तकी डौल नसेल, पण संत्रे हे फळ कसे आहे हे त्याच्याइतके थोड्यांनाच कळते. आंबा किंवा केळी झाडावरून उतरविल्यानंतर पिकविता येतात. संत्र्याचे तसे नाही. ते झाडावर जेवढे तयार झाले तेवढेच. तोडल्यानंतर गोडी वाढत नाही, साल मात्र सुकू लागते. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्याने ग्राहकास ते सोलणे सोपे जाते आणि त्याच कारणाने ते गाडीत लवकर दबते. पूर्वी लाकडी पेटीत भाताचे तणस घालून फळे भरीत. आता प्लॅस्टिकचे क्रेट आले आहेत. कोणत्या साधनात किती फळे खराब होतात, हे वाहतूकदार व हमाल यांना विचारावे.

नासाडीचा हिशेब विद्यार्थी बहुधा चुकीचा करतात. बागेत २० रुपये किलोने घेतलेल्या फळावर बाजारापर्यंत ८ रुपये खर्च झाला आणि शंभर किलोंतील दहा किलो माल नासला, तर मुद्दल भरून निघण्यास कोणत्या भावाने विकावे? २८ रुपयांत दहा टक्के मिळवून ३० रुपये ८० पैसे, असे उत्तर चटकन येते. परंतु २,८०० रुपये आता ९० किलोंतून काढावयाचे आहेत. म्हणून भाव ३१ रुपये ११ पैसे हवा. फरक तीस-एकतीस पैशांचाच. गाडीभर मालावर तो चालकाच्या मजुरीपेक्षा जास्त होऊ शकतो.

दूरच्या बाजारांचा विषयही याच बैठकीत निघावा. पांढुर्णा हे दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरील स्थानक आहे, तर सौंसरवरून जाणारी नागपूर-छिंदवाडा ही जुनी अरुंदमापी रेल्वे आता रुंदमापी झाली आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूरहून दिल्लीच्या आदर्शनगर स्थानकाकडे संत्री घेऊन किसान रेल्वे सोडण्यात आली होती. मालगाडीपेक्षा ट्रक का परवडतो, किंवा केव्हा परवडत नाही, हे त्या निमित्ताने तपासता येईल. तसेच बांगलादेश हा नागपुरी संत्र्याचा मोठा परदेशी ग्राहक. त्या देशाने २०१९ नंतर आयातशुल्क टप्प्याटप्प्याने वाढविले, त्याची झळ ढाक्याचे नावही न घेतलेल्या बागाईतदारास बसली. आपल्या बागेचा भाव दुसऱ्या देशाच्या अर्थखात्यात ठरू शकतो, हे विद्यार्थ्यास अशा वेळी पटते.

नाव कोणाचे?

नागपुरी संत्र्यास २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. एखाद्या प्रदेशाच्या हवामातीमुळे मालास जो विशेष गुण येतो, त्याच्या नावाचे कायदेशीर संरक्षण म्हणजे भौगोलिक निर्देशांक. पांढुर्णा-सौंसरचे फळ जातीने नागपुरीच आहे आणि दूरच्या बाजारात ते सहसा त्याच नावाने ओळखले जाते. मग आपल्या पेटीवर कोणते नाव लिहावयाचे, कोणते लिहिता येते व कोणते लिहिता येत नाही? दुसऱ्याच्या नावाने चटकन माल खपतो, पण नावाची किंमत त्याच्याकडे जाते. स्वतःचे नाव रुजविण्यास वर्षे लागतात आणि त्यासाठी प्रत्येक पेटीतील फळ सारखे असावे लागते. या प्रश्नाला एकच उत्तर नाही. म्हणूनच वादसभेस तो उत्तम आहे.

सारखेपणा म्हणजे प्रतवारी, आणि तिची माहिती देणारे नागपुरातच आहेत. केंद्र सरकारच्या पणन व तपासणी संचालनालयाचे शाखा मुख्यालय तेथे आहे. ॲगमार्कचे काम तेच खाते पाहते. १९८५ मध्ये राष्ट्रीय संशोधन केंद्र म्हणून आरंभ झालेली केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थाही तेथेच आहे. फळाच्या आकारमानाप्रमाणे वर्गवारी, मेणाचा पातळ लेप देऊन फळ टिकविणे, ही माहिती तेथील तज्ज्ञांकडून मिळावी. ‘चुरी’ म्हणून बाजूला पडणाऱ्या लहान फळांचा रस का काढीत नाहीत, असे विद्यार्थी हटकून विचारतील. या संत्र्याचा रस काढून ठेवला असता काही वेळाने त्यास कडवटपणा येतो आणि प्रक्रियेतील ती एक मोठी अडचण आहे, हे उत्तर शास्त्रज्ञाच्या तोंडून ऐकले म्हणजे कारखाना काढण्याची घाई थोडी कमी होते.

काही अडचणी

अशी मंडळे निघतात तशी बंदही पडतात. त्याचे एक कारण समारंभाची आवड हे आहे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल व श्रीफळ, प्रास्ताविक आणि आभार यांत दीड तास जातो. पाहुण्याच्या वाट्यास वीस मिनिटे उरतात आणि प्रश्नांना वेळच राहत नाही. आडत्या, हमाल किंवा वाहतूकदार यांना व्यासपीठावर उभे करून भाषण करावयास लावणे हाही अन्यायच. त्यांना खुर्चीवर बसवावे, पट्टी, क्रेट किंवा फळ हाती द्यावे आणि विद्यार्थ्यांनी आधी लिहून आणलेले प्रश्न विचारावेत. ते आपोआप बोलू लागतात.

पाहुण्याचा स्वार्थ हे दुसरे. खताचा विक्रेता खताची आणि बँकेचा अधिकारी कर्जाची थोरवी सांगणार, हे गृहीत धरून चालावे. त्यावर उपाय म्हणजे एका विषयावर दोन बाजूंचे पाहुणे बोलाविणे. आडत्यानंतर थेट ग्राहकास माल विकून पाहिलेल्या बागाईतदारास आणावे. शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकासही आणावे. अशा दहा हजार संस्था उभारण्याची केंद्राची योजना २०२० मध्ये सुरू झाली आहे. अशी कंपनी जेथे चांगली चालली तेथील माणूस तर बोलवावाच, पण जेथे ती डबघाईस आली तेथीलही बोलवावा. दुसऱ्याकडून अधिक शिकावयास मिळते, मात्र तो येण्यास सहसा राजी नसतो.

विद्यार्थिनींचा मुद्दा वेगळा नमूद करणे अगत्याचे आहे. मुलगे वडिलांबरोबर भल्या सकाळी गाडीतून कळमन्यास जाऊन लिलाव पाहून येतात. मुलींना ती संधी क्वचितच मिळते. घरच्या जमाखर्चाची वही मात्र कित्येक ठिकाणी त्यांच्याच हाती असते. बाजार महाविद्यालयात आला तर त्याचा सर्वांत अधिक लाभ त्यांना होईल. मंडळाचे चिटणीसपद एखाद्या विद्यार्थिनीकडे असावे, अशी सूचना करावीशी वाटते.

वेळेचेही भान हवे. आंबिया बहाराची तोडणी जोरात असताना आडत्यास श्वास घेण्यास फुरसत नसते. तेव्हा त्यास बोलावू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार असते आणि सारे गाव तिकडे लोटते. त्या सुमारास बागांतून व्यापाऱ्यांच्या फेऱ्याही सुरू होऊ लागतात. म्हणून मंडळाची पहिली बैठक आणि बागेतील मोजणी पोळ्यापूर्वी उरकलेली बरी, म्हणजे घरातील सौदा होण्याआधी मुलाच्या अगर मुलीच्या हाती एक आकडा असेल.

प्रत्येक बैठकीची नोंद एका वहीत ठेवावी : पाहुणा कोण, त्याने कोणता कागद दाखविला, कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले व कोणते टाळले. बागेतील मोजणीचे आकडेही त्याच वहीत. तोडणी झाली की प्रत्यक्ष किती माल निघाला हे त्या बागेच्या मालकास विचारून समोरच्या रकान्यात भरावे. तो रकाना भरण्याचे काम पुढील वर्षी येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांकडे द्यावे आणि त्यांची पहिली बैठक त्याच पानापासून सुरू करावी.